शोभेल तो वेश

‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ ही म्हण ज्याच्या तोंडून प्रथम निघाली तो बहुधा कापडाचा व्यापारी असावा. आणि ‘देश तसा वेश’ म्हणणारा बहुधा प्रवासी. दोघांचेही आपापल्या परीने बरोबर आहे. पहिला सांगतो की गाठीला पैसा असला म्हणजे तेज विकत मिळते. दुसरा सांगतो की चार लोक करतील तसे करावे, म्हणजे कोणी नावे ठेवीत नाही. परंतु एक प्रश्न या दोन्ही म्हणींना पडलेला नाही. तो असा की, ज्याला तो कपडा अंगावर घालून दिवसभर वावरायचे आहे त्या माणसाला स्वतःला तो शोभतो की नाही?

मराठीतले ‘शोभणे’ हे क्रियापद मोठे मार्मिक आहे. ‘हा रंग तुला शोभतो’ असे आपण म्हणतो, आणि ‘हे वागणे तुला शोभत नाही’ असेही म्हणतो. एकाच शब्दात रूप आले आणि शीलही आले. आणखी एक तिसरा अर्थ त्यात दडून बसला आहे. तो मात्र इतका निरुपद्रवी नाही. ‘आपल्या पायरीला शोभेल असे राहावे’ हे वाक्य ज्यांना पिढ्यान् पिढ्या ऐकावे लागले, त्यांना तो अर्थ चांगला ठाऊक आहे. रूप, शील आणि पायरी या तीन शोभांची ओढाताण म्हणजेच गेल्या दीडदोनशे वर्षांतील आपल्या पोषाखाचा इतिहास होय. त्या इतिहासातील काही माणसांची येथे ओळख करून घ्यावयाची आहे. वेश विकत घेणारी माणसे पुष्कळ असतात. ही माणसे वेश शोधून काढणारी होती.

एकोणिसाव्या शतकातील एखाद्या सुशिक्षित मराठी गृहस्थाचे छायाचित्र समोर घ्यावे. डोक्यास पगडी, अंगात लांब कोट, खांद्यावर उपरणे, कमरेस धोतर. या गृहस्थाला आपण काही विचित्र पेहेरलो आहो असे मुळीच वाटत नसे. पण नीट पाहिले तर त्याच्या एका देहावर तीन राज्ये नांदत होती. कमरेच्या वर कचेरी होती, कमरेच्या खाली घर होते, आणि डोक्यावर जात होती. कारण पगडीच्या घाटावरून माणसाची जात आणि मुलूख ओळखता येई. पायांचा प्रश्न तर थेट सरकारदरबारी गेला. वरिष्ठांपुढे जाताना जोडा बाहेर काढावा हा आपला जुना रिवाज. इंग्रजांना तो सोयीचा वाटला आणि त्यांनी तो चालू ठेवला. पुढे इंग्रजी बूट घालणारे नेटिव गृहस्थ निपजले, तेव्हा पंचाईत झाली. शेवटी १८५४ साली गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलाने ठराव केला की, विलायती पद्धतीचे बूट घातले असतील तर एतद्देशीय गृहस्थांनी सरकारी प्रसंगी ते घालूनच यावे. देशी जोड्याला ही सवलत नव्हती. पाय तेच, चामडे बहुधा तेच. फरक फक्त शिवणीचा. पण त्या शिवणीवर माणसाचा मान ठरत होता.

पुरुषांची ही कथा. स्त्रियांची अडचण याहून बिकट होती. तिचा उलगडा होण्यास आपल्या मुंबईचे थोडे साहाय्य झाले आहे. सत्येंद्रनाथ टागोर हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये निवडले गेलेले पहिले हिंदी गृहस्थ. १८६४ साली त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. पत्नी ज्ञानदानंदिनी यांना बरोबर न्यावे असा त्यांचा हट्ट. बंगालच्या अंतःपुरातील स्त्रिया त्या काळी चोळीपोलक्यावाचून एकच साडी गुंडाळीत. घराच्या आत ते चालून जाई, पण त्या वेशाने बोटीवर चढणार कसे? तेव्हा एका फ्रेंच दुकानातून ‘पौर्वात्य’ म्हणविणारा एक पोषाख मुद्दाम शिववून घेण्यात आला. तो इतका अवघड होता की ज्ञानदानंदिनींना तो दुसऱ्याच्या मदतीवाचून अंगावर चढवताही येईना. परक्याने आपल्याविषयी केलेली कल्पना आपणच अंगावर घ्यायची म्हटले म्हणजे असेच व्हायचे.

मुंबईस आल्यावर त्यांनी पारशी स्त्रिया पाहिल्या. परकर, पोलके आणि त्यावर नीट निऱ्या घालून नेसलेली साडी. घराबाहेर पडता येते, चारचौघांत बसता येते, आणि तरीही वेश आपलाच राहतो. ज्ञानदानंदिनींनी ती पद्धत उचलली, पण जशीच्या तशी नाही. पारशी पदर उजव्या खांद्यावर येई. त्यांनी तो डाव्या खांद्यावर घेतला. का, तर उजवा हात मोकळा राहावा म्हणून. १८६६ साली त्या कलकत्त्यास परतल्या, तेव्हा ही नेसण बंगालमध्ये मुंबईच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. ती शिकायची असेल त्यांना आपण शिकवू, असे त्यांनी एका स्त्रियांच्या मासिकातून जाहीरही केले. आज हिंदुस्थानभर जी साडी ‘पूर्वापार’ म्हणून नेसली जाते, तिच्या घडणीत सोळा वर्षांच्या एका मुलीने हात मोकळा राहावा म्हणून बदललेल्या खांद्याचा मोठा वाटा आहे. परंपरा म्हणून आपण ज्यांना नमस्कार करतो त्यांतल्या पुष्कळ गोष्टी अशाच कोणाच्या तरी सोयीतून जन्मलेल्या असतात.

आमच्याकडची नऊवारी नेसण सकच्छ. कासोटा घातलेला असल्यामुळे शेतात, विहिरीवर, घोड्यावर सुद्धा ती चालते. हिच्यात पोटऱ्या दिसतात. परंतु त्यात काही गैर आहे असे आपल्या आजीपणजीला कधी वाटले नाही. उलट पश्चिमेची कुलीन स्त्री मेजवानीला खांदे उघडे टाकून जाई, पण तिचा घोटा दिसला तर सभा लाजे. लज्जा सर्व देशांत असते. तिचे ठिकाण मात्र देशोदेशी बदलते. या दोन लज्जांच्या मधोमध सापडलेली मराठी मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील कॉलेजाच्या सभागृहात आनंदीबाईंनी आपण अमेरिकेस का जातो हे इंग्रजीत भाषण करून सांगितले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन, अशी त्यांची प्रतिज्ञा होती. आणि आहार व पोषाख हे त्या प्रतिज्ञेचेच भाग होते. त्या वेळी त्यांचे वय अठरा वर्षांचेही नव्हते. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून त्या निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेल्यावर प्रतिज्ञेची गाठ थंडीशी पडली. बर्फाच्या मुलखात उघड्या पोटऱ्यांनी वावरणे शरीराला झेपणारे नव्हते आणि तिथल्या सभ्यतेलाही ते रुचणारे नव्हते. गाऊन घातला तर वचन मोडते. नऊवारी ठेवली तर प्रकृती. आनंदीबाईंनी यातून तिसरी वाट काढली. त्या गुजराथी पद्धतीने पायघोळ साडी नेसू लागल्या. वेश हिंदीच राहिला आणि पाय झाकले गेले. १८८५ सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या साबात इस्लामबूली आणि आनंदीबाई अशा तीन विद्यार्थिनी आपापल्या देशांच्या वेशात बसल्या आहेत. तो ‘आपला’ वेश आनंदीबाईंनी परदेशात तडजोड करून घडवला होता, हे चित्र पाहताना ध्यानातही येत नाही. इतका तो त्यांना शोभतो. १८८६ साली त्या एम. डी. झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास वारल्या. बावीस वर्षेही त्यांना पुरी झाली नव्हती. एवढ्या आयुष्यात काय सोडायचे आणि काय धरायचे याचा विवेक त्यांनी केला होता. साडी त्यांनी सोडली नाही, तिची नेसण तेवढी बदलली.

आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर वर्षभरानेच त्याच पुण्यात वेशाचा एक निराळाच प्रयोग झाला. २ मार्च १८८८ रोजी हरी रावजी चिपळूणकर यांनी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. ड्यूक हे महाराणी व्हिक्टोरियाचे चिरंजीव आणि मुंबईच्या लष्कराचे मुख्य. निमंत्रित मंडळी अर्थातच जरीकाठी पागोट्यांत आणि दागदागिन्यांत आली होती. अशा सभेत जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात येऊन बसले. जोतीराव काही दरिद्री नव्हते. त्यांनी सरकारी बांधकामांची कंत्राटे घेतली होती, पुणे नगरपालिकेचे ते काही वर्षे सभासदही होते. चांगला पोषाख त्यांच्याकडे नव्हता असे नाही. परंतु बोलण्यास उभे राहून त्यांनी राजपुत्रास सांगितले, ते थोडक्यात असे की, येथे नटूनथटून बसलेल्या मंडळींवरून आपण या देशाची पारख करू नका. खरी रयत खेड्यात आहे, तिची अवस्था पाहा आणि तिच्या शिक्षणाची सोय करावी असे महाराणीस कळवा.

या प्रसंगाचे मर्म केवळ साध्या राहणीत नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पाच वर्षे झाली होती. जे लेखात सांगितले तेच त्यांनी त्या दिवशी अंगावर घातले. ज्यांना त्या मेजवानीचे निमंत्रण जाणे शक्य नव्हते त्यांना जोतीरावांनी आपल्या वेशाच्या रूपाने पंक्तीत आणून बसविले. कपडा हा असा दुसऱ्याचा वकीलही होऊ शकतो. पुढे दोनच महिन्यांनी, मे महिन्यात, मुंबईच्या लोकांनी जोतीरावांना ‘महात्मा’ ही पदवी दिली.

आणि नियतीचा विनोद असा की, ज्या दुसऱ्या पुरुषाला पुढे साऱ्या देशाने महात्मा म्हटले, तो त्याच १८८८ साली लंडनला जाऊन टोपी विकत घेत होता. मोहनदास गांधींनी ‘सत्याचे प्रयोग’ मध्ये ही हकीकत मोठ्या मनमोकळेपणाने सांगितली आहे. पांढरे फ्लॅनेलचे कपडे घालून ते बोटीवरून उतरले आणि पाहतात तो सर्व गर्दीत पांढरे कपडे घातलेले ते एकटेच! मग मुंबईस शिवलेले कपडे विलायतेत शोभत नाहीत असे ठरवून त्यांनी नवे घेतले. १९ शिलिंगांची उंच टोपी आली, बॉन्ड स्ट्रीटवर १० पौंड खर्चून मेजवानीचा पोषाख शिवला गेला, भावाकडून घड्याळाची सोन्याची दुपदरी साखळी मागवली गेली. रोज दहा मिनिटे मोठ्या आरशासमोर गळपट्टा बांधण्यात आणि भांग पाडण्यात जाऊ लागली. ही सभ्यतेची धुंदी काही महिन्यांत उतरली. पण पोषाखाविषयीचा काटेकोरपणा पुष्कळ वर्षे टिकला, असे ते स्वतःच सांगतात.

येथून पुढे तेहतीस वर्षे गांधी आपला वेश शोधीत राहिले. १८९३ मध्ये डर्बनच्या न्यायालयात मॅजिस्ट्रेटने पगडी काढण्यास सांगितले, तेव्हा ते पगडी न काढता बाहेर पडले. पुढच्या वर्षी वकिलीची सनद घेताना वरिष्ठ न्यायालयाने तीच मागणी केली, तेव्हा त्यांनी पगडी उतरविली. अधिक मोठ्या लढायांसाठी बळ राखून ठेवावे असे त्यांना वाटले. १८९६ च्या अखेरीस ते कुटुंबासह दक्षिण आफ्रिकेस निघाले. त्या काळी हिंदी लोकांत सर्वांत सुधारलेले ते पारशी, असा समज होता. म्हणून कस्तुरबांना पारशी पद्धतीची साडी आणि मुलांना पारशी कोट-पाटलोण असा निर्णय झाला. ज्ञानदानंदिनींनी जी नेसण आपण होऊन शोधली, तीच तीस वर्षांनी कस्तुरबांच्या वाट्याला हुकूम म्हणून आली. बूट पायांस चावत, मोजे घामाने कुबट होत. पण नवऱ्याच्या अधिकारापुढे इलाज नव्हता, हे गांधींनीच लिहिले आहे. पुढे त्यांचे मन त्या थाटावरून उडाले, तेव्हा तो टाकण्याचा हुकूमही घरच्यांनाच पाळावा लागला. स्वतःचा वेश शोधणारा माणूस आपल्या शोधाचे ओझे दुसऱ्याच्या अंगावर किती सहज टाकतो, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

१९१३ साली आफ्रिकेतील सत्याग्रहात मजुरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. तेव्हा गांधी तुरुंगातून सुटल्यावर गिरमिटियांच्या वेशात लोकांसमोर आले. ९ जानेवारी १९१५ रोजी ते मुंबईच्या धक्क्यावर उतरले ते काठेवाडी अंगरखा, पागोटे आणि धोतर अशा थाटात. थोड्याच दिवसांत तिसऱ्या वर्गाच्या प्रवासात हा जामानिमा जड वाटू लागला. मग सदरा, धोतर आणि आठदहा आण्यांची काश्मिरी टोपी आली. शेवटी २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरेस त्यांनी टोपी आणि सदराही टाकून फक्त पंचा नेसला. त्या वेळी परदेशी कापडाच्या बहिष्काराची चळवळ ऐन भरात होती. खादी घ्यायला आमच्याजवळ पैसा कोठे आहे, असे गरीब लोक त्यांना विचारीत. त्या प्रश्नाला दिलेले हे उत्तर होते. विशेष म्हणजे, निदान ३१ ऑक्टोबरपर्यंत आपण असे राहू, अशी मुदत त्यांनी त्या वेळी जाहीर केली होती. मुदत संपली, वेश राहिला. माणसाला आपला खरा वेश सापडतो तेव्हा पुष्कळदा त्यालाही ते आधी ठाऊक नसते. चार दिवस घालून पाहू म्हणून तो घालतो आणि मग उतरवावेसे वाटत नाही.

आता याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहू. कारण वेश उतरविण्याचा मोठेपणा ज्याच्या अंगावर पहिल्यापासून वेश आहे त्यालाच मिळतो. ज्याचे फाटलेलेच आहे त्याने फाटके नेसले तर त्याला कोणी महात्मा म्हणत नाही.

दक्षिणेस त्रावणकोर संस्थानात शाणार जातीच्या स्त्रियांना ऊर्ध्वांग झाकण्याची बंदी होती. उच्चवर्णीयांपुढे छाती उघडी ठेवणे ही त्यांच्या ‘पायरीची शोभा’ समजली जाई. ख्रिस्ती झालेल्या स्त्रियांनी कुडता घालावयास सुरुवात केली तेव्हापासून हा झगडा पेटला आणि अनेक वर्षे चालला. स्त्रियांना रस्त्यात अडवून त्यांचे कपडे फाडण्यात आले, घरे आणि शाळा जाळल्या गेल्या. अखेर मद्रास सरकारच्या दडपणामुळे २६ जुलै १८५९ रोजी महाराजांनी जाहीरनामा काढून शाणार स्त्रियांना अंग झाकण्याची परवानगी दिली. परंतु त्या परवानगीला एक शेपूट होते. अंग झाका, पण उच्चवर्णीय स्त्रियांच्या पद्धतीने नव्हे! कापड मिळाले, पद्धत मिळाली नाही. प्रश्न लज्जेचा नव्हताच, तो ओळखू येण्याचा होता. दुरून पाहताच कोण कोण आहे हे कळले पाहिजे, एवढीच समाजाची मागणी होती.

तीच मागणी आपल्या सह्याद्रीच्या कुशीतही होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बालपणीची, १९०१ सालची, एक आठवण लिहून ठेवली आहे. वडील नोकरीनिमित्त कोरेगावास होते. त्यांना भेटावयास ही मुले सातारहून आगगाडीने निघाली. नवे विलायती सदरे, चकचकीत टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे असा त्यांचा थाट होता. मसूर स्टेशनावर उतरल्यावर स्टेशनमास्तरांना ही ब्राह्मणांची मुले वाटली. परंतु ‘आम्ही महार’ एवढे शब्द उच्चारताच त्यांचा चेहरा बदलला. भाडे दुप्पट देऊ केले तेव्हा कसाबसा एक गाडीवाला तयार झाला, तोही आपण गाडी हाकणार नाही या अटीवर. आणि वाटेत प्यायला पाणी मिळाले नाही. रेशीमकाठी धोतराने एका शब्दापासूनही त्या मुलांचे संरक्षण केले नाही. कपडा माणसाला किती देऊ शकतो आणि कोठे हात टेकतो, याचा धडा नवव्यादहाव्या वर्षी मिळालेला हा माणूस.

म्हणूनच २७ डिसेंबर १९२७ रोजी महाडास जमलेल्या अस्पृश्य स्त्रियांपुढे बाबासाहेब बोलले तेव्हा इतर अनेक गोष्टींबरोबर त्यांनी लुगड्याविषयी सांगितले, हे आश्चर्य नव्हे. त्याच वर्षी मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले होते. दोन दिवसांपूर्वी मनुस्मृतीचे दहन झाले होते. अशा भारलेल्या वातावरणात ते बायाबापड्यांना सांगत होते की, तुमची लुगडी नेसण्याची पद्धत ही तुमच्या अस्पृश्यपणाची खूण आहे; ती टाका आणि वरिष्ठ वर्गाच्या बायका नेसतात तसे नेसा, त्याला काही खर्च लागत नाही. गळाभर माळा आणि कोपरापर्यंतच्या कथलाच्या गोठपाटल्या टाका. दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, नाहीतर घालूच नका. लुगडे फाटके असले तरी चालेल, ते स्वच्छ असू द्या. आणि मुलींना शाळेत घाला.

बायकांनी ऐकले, आणि लागलीच करून दाखविले. चळवळीस साथ देणाऱ्या चित्रे आणि टिपणीस या घरांतील स्त्रियांनी त्यांना नेसणे दाखविण्यास मदत केली, असे सांगतात. दुसऱ्या दिवशी पाहावे तो गुडघ्यापर्यंत खोचलेली लुगडी घोट्यापर्यंत उतरली होती. त्रावणकोरच्या जाहीरनाम्याने जी गोष्ट राखून ठेवली होती ती महाडच्या बायकांनी कोणाच्याही जाहीरनाम्याची वाट न पाहता एका रात्रीत घेतली. कापड तेच, लांबी तीच, रंग तोच. बदलली ती फक्त नेसण. चारदोन वितींच्या त्या फरकासाठी किती शतके जावी लागली, याचा विचार केला म्हणजे मन सुन्न होते.

बाबासाहेबांचा स्वतःचा वेश तर सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. सूट, गळपट्टा, खिशाला फाउंटन पेन. १९३१ च्या अखेरीस लंडनमध्ये दुसऱ्या गोलमेज परिषदेत गांधी आणि आंबेडकर एकाच मेजाभोवती बसले. एक पंचा आणि शाल पांघरून, दुसरे सुटाबुटात. एकाच देशातील दीनदुबळ्यांच्या वतीने बोलणारी ही दोन माणसे वेशाने इतकी विरुद्ध कशी, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. गांधी दिवाणाच्या घरात जन्मले. त्यांना जे मिळाले होते ते त्यांनी सोडून दाखविले. आंबेडकर जेथे जन्मले तेथे काही मिळणेच निषिद्ध होते. त्यांनी ते मिळवून दाखविले. एकाने आपला वेश दरिद्रीनारायणाजवळ नेला. दुसऱ्याने सांगितले की दारिद्र्य ही पुजण्याची वस्तू नव्हे. दोघांनी वेश अदलाबदल केले असते तर दोघेही विशोभित दिसले असते. आज खेड्यापाड्यांत निळ्या सुटातील पुतळे उभे आहेत, ते विलायती फॅशनचे कौतुक म्हणून कोणी उभारलेले नाहीत. तो सूट म्हणजे सनद आहे. आणि तरीही बाबासाहेब त्या सुटाचे बंदे नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धम्मदीक्षा घेताना ते पांढऱ्या रेशमी धोतरात आणि पांढऱ्या कोटात होते. जगापुढे हक्क मागताना एक वेश, आणि बुद्धाला शरण जाताना दुसरा.

त्याच १९५६ च्या डिसेंबरात, बाबासाहेबांच्या मागोमाग दोन आठवड्यांनी, महाराष्ट्राने आणखी एक वेश गमावला. गाडगे महाराजांच्या अंगावर चिंध्यांची गोधडी असे, हातात खराटा आणि मडक्याचे फुटके खापर. लोकांनी त्यांना नावेही त्या वस्तूंवरूनच दिली, कोणी गोधडेबुवा म्हटले, कोणी गाडगेबाबा. माणसाचे जन्मनाव मागे पडून त्याचा वेशच त्याचे नाव व्हावा, असे भाग्य फार थोड्यांना लाभते. त्या चिंध्या आणि खराटा हातात हात घालून चालत होते म्हणून ते शोभले. खराटा न उचलता कोणी नुसती गोधडी पांघरली असती तर ते सोंग ठरले असते.

या सर्व कथांतून एखादा नियम निघतो काय? एक गोष्ट तर स्पष्ट दिसते की, शोभणारा वेश एकदम सापडत नाही. गांधींना तेहतीस वर्षे लागली आणि वाटेत आरसा, साखळी, उंच टोपी हे सर्व टप्पे घ्यावे लागले. दुसरे असे की, फार मोठ्या उलथापालथीची गरज नसते. पदर एका खांद्यावरून दुसऱ्यावर नेला, कासोटा सोडला, लुगडे घोट्यापर्यंत सोडले, एवढ्याने भागते. आणि तिसरे असे की, एकाला शोभले म्हणून ते दुसऱ्याला शोभेल असे नाही. काश्मिरी टोपीच्या पाठोपाठ जी पांढरी खादीची टोपी आली, ती घातली म्हणून १९२० नंतर लोकांनी लाठ्या खाल्ल्या. स्वराज्य आल्यावर तीच टोपी अनेकांना सत्तेच्या दाराची किल्ली वाटू लागली. टोपीत काही बदल झाला नव्हता, डोके बदलले होते.

आजच्या दुकानांत शिवलेले, बेतलेले, हव्या त्या मापाचे कपडे रांगेने टांगलेले असतात, आणि कोणाला काय शोभेल हे सांगणारेही पुष्कळ आहेत. त्यांचे ऐकावे, रंग, माप, काठ यांविषयी ते खोटे सांगत नाहीत. फक्त त्यांच्या ‘शोभते’ या शब्दात रूप, शील आणि पायरी यांपैकी कोणता अर्थ आहे, एवढे ओळखून असावे. पायरीची भाषा अजून मेलेली नाही. ती आता किमतीच्या चिठ्ठीवर बसते एवढेच. या देशातील वेशाची सर्वांत मोठी क्रांती महाडास झाली, आणि त्या सकाळी गावातल्या एकाही कापडवाल्याचे वारभरही कापड खपले नव्हते.